पदके : निरंक

९ जानेवारी

काकांना नमस्कार,

तुमची-माझी ओळख नाही. तुमचा पत्ता माजी सैनिक संघाच्या सचिवांनी दिला. आधी फोन लावला होता, पण तुमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या की तुम्हाला ऐकू येत नाही आणि फोन हातात दिला की तुम्ही 'राँग नंबर' म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र.

माझे वडील सैन्यात ड्रायव्हर होते. सीमेवरच्या लढाईत त्यांचा ट्रक तुमच्या कंपनीला जोडून दिला होता. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही बहुतेक गेलं. दिवसाकाठी एखाददुसरा शब्द फुटतो, तोही सवय असलेल्यालाच कळतो. समजतं मात्र सगळं.

आजारी पडण्याआधी त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या अंत्यविधीला आम्ही गेलो होतो. तिथे सैन्याची तुकडी आली, बिगुल वाजला. परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, "माझ्या वेळी येतील का गं हे?" त्यांनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हेही मागणं नव्हतंच, पण मी ते धरून बसले.

अभिलेख कार्यालयात गेले तर कळलं, मानवंदना मिळते ती रणक्षेत्रात सेवा केलेल्यांना. बाबांच्या सेवापुस्तकात सगळी नोकरी डेपोत झाल्याचं लिहिलंय. पुढे 'पदके' असा रकाना आहे, त्यात 'निरंक'. मोहिमेचं पदक तिथे गेलेल्या प्रत्येकाला मिळालं, यांना नाही. तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांनी शौर्यपदकासाठी शिफारस केली होती असं आई सांगायची, कशाबद्दल ते तिलाही ठाऊक नव्हतं; त्या शिफारशीचाही पत्ता नाही. असं कसं, म्हणून विचारलं तर कारकून म्हणाला, जोडून दिलेला माणूस जेवतो एकीकडे आणि त्याची हजेरी लागते दुसरीकडे. जेवण घालणाऱ्यांना वाटलं हजेरीवाले लिहितील, हजेरीवाल्यांना वाटलं जेवण घालणारे लिहितील. "असं व्हायचंच," म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

दुरुस्तीसाठी तिथे हजर असलेल्या एका माणसाची जबानी लागते. संघाकडच्या तुमच्या कंपनीच्या यादीतले बाकीचे एकतर गेले, नाहीतर त्यांचा ठावठिकाणा लागत नाही. उरलात तुम्ही. बाबांना ओळखत असाल तर चार ओळी लिहून द्याल का? उत्तरासाठी पाकीट तिकीट लावून सोबत ठेवलंय.

आपली,
ड्रायव्हर हवालदारांची मुलगी


२ फेब्रुवारी

पोरी,

राँग नंबर मी जाणूनबुजून म्हणतो. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्ट्या मारतं, आणि पलीकडचा काय बोलतोय ते कळण्याआधीच माझा जीव विटतो. सैन्यातून जखमी होऊन सुटल्यावर मी सगळी नोकरी कोर्टात साक्षी टिपून घेण्यात काढली, म्हणून इथे सगळे मला 'शॉर्टहँड' म्हणतात. तूही तेच म्हण. काका म्हणवून घेण्याची हौस फिटायचं वय आता गेलं.

वाईट बातमी आधी सांगतो. तुझ्या वडिलांना मी ओळखत नाही.

मी सिग्नलमध्ये होतो. त्या लढाईत एका दुपारी आमच्या ठाण्यावर गोळे पडले आणि तुकडे माझ्या पाठीत घुसले. पूल तुटलेला, रुग्णवाहिका पलीकडे अडकलेली. तेवढ्यात रेशन घेऊन आलेल्या कुणा ड्रायव्हरने आपला ट्रक रिकामा केला आणि आम्हा चौघा जखमींना आत घातलं. वरून गोळे येत असताना त्याने नदीच्या पात्रातून, दगडधोंड्यांवरून गाडी दवाखान्यापर्यंत नेली. मला पालथं टाकलं होतं. मी पाहिलं ते फक्त ट्रकचं फळकूट. ड्रायव्हरचा आवाज तेवढा ऐकला. मोठा खड्डा दिसला की तो पुढून ओरडायचा, "खड्डा आला, दात धरा." ज्याला शुद्ध होती तो दात आवळायचा.

दवाखान्यातल्या लोकांनी आम्हाला मागून उतरवून घेतलं आणि ड्रायव्हरला खालीसुद्धा उतरू न देता परत पिटाळलं, रस्ता अडला होता म्हणून. तोवर माझ्या दोन्ही बाजूंचे गेलेले होते. चौथा आठवड्याभराने गेला. मी राहिलो. ड्रायव्हरचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच, कारण मानायचे कुणाचे हे ठाऊक नव्हतं.

तो तुझा बाप असेल किंवा नसेलही. कंपनीला तेव्हा चार-पाच ट्रक जोडलेले होते. ज्याला ओळखत नाही त्याच्याबद्दल जबानी कशी देऊ? तुझं पाकीट वाया जाऊ नये म्हणून त्यातूनच नकार पाठवतोय.

शॉर्टहँड


१३ फेब्रुवारी

शॉर्टहँड काका,

काका म्हणणार. हौस फिटो न फिटो.

मी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. मशीन बाबांच्या खोलीतच ठेवलंय, म्हणजे एक डोळा त्यांच्यावर राहतो. तुमचं पत्र तिथेच वाचत होते. 'दात धरा' वाचलं आणि कापड सुईखाली तसंच टाकून स्वयंपाकघरात जाऊन बसले.

सैन्यातून आल्यावर बाबांनी घरसामान हलवणाऱ्या कंपनीत ट्रक चालवला. मागे कपाटांवर बसलेल्या हमालांना ते प्रत्येक खड्ड्याआधी ओरडून सांगायचे, "खड्डा आला, दात धरा." हमाल त्यांची टर उडवायचे. कंपनीत त्यांचं नावच 'दातधरे' पडलं होतं. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून जायचे तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आईने एकदा विचारलं, "कपाटांना कसले आलेत दात?" तर म्हणाले, "सवय आहे." लढाईचा विषय काढला की मात्र भिंतीकडे तोंड करायचे.

आता तरी ओळख पटली का?

बाबांना या पत्रांबद्दल काही सांगितलेलं नाही. त्यांचं मन हलेल असं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. रडायला लागले की त्यांचा श्वास अडकतो. अर्जावर डाव्या हाताचा अंगठा घेतला तेव्हा 'पेन्शनचं काम आहे' म्हणून सांगितलं.

सेवापुस्तकाच्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. जबानी पाठवाच.

तुमची,
दातधऱ्यांची मुलगी


१ मार्च

पोरी,

पटली. दोन दिवस मी तुझं पत्र घेऊनच बसलो होतो. घरमालकीण विचारायला आली की बरं आहे ना, जेवायला का नाही आलात.

जबानी सोबत आहे. त्या तारखेला त्या ट्रकमधून मला नेलं, ड्रायव्हरचा आवाज तेवढा ऐकला, 'दात धरा' या लकबीवरून त्याला ओळखतो, असं लिहिलंय. जे घडलं तेवढंच.

आता एक विचारतो. झेरॉक्सच्या तळाशी पांढरी कोरी पट्टी आहे. पानाच्या रेघा तिथे मध्येच तुटल्यात. कोर्टात असली कागदपत्रं मी पुष्कळ पाहिली. खाली काय आहे?

शॉर्टहँड


१८ मार्च

काका,

तुमच्यापुढे काही झाकायची सोय नाही. पट्टी मी लावली. खाली शेरा आहे: 'सरकारी रेशनची पोती नदीकाठी बेवारस सोडून वाहनाचा अनधिकृत वापर केल्याबद्दल कडक ताकीद.' त्या शेऱ्यापायी त्यांची बढती लांबली.

आईच्या माहेरी तर बाबांनी पोती विकून खाल्ली असंच ठरून गेलं होतं. मामा जेवताना पानावरून टोमणे मारायचा, "हवालदार, पोटभर घ्या, इथलं मोजलेलं नाही." बाबा मुकाट्याने जेवायचे. कॉलेजात असताना मी एकदा सरळ विचारलं, खरं काय ते सांगा. म्हणाले, "पोती टाकली, हे खरं आहे." आणि बाहेर निघून गेले. मी तेव्हा त्यांच्याशी महिनाभर नीट बोलले नाही.

कार्यालयातल्या कारकुनाने शेऱ्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं, ते हसू मला अजून दिसतं. शौर्यपदक मागायला आली आणि बाप असला! तुम्हालाही तसंच वाटेल म्हणून पट्टी चिकटवली. आता बघा काय ते. मी दमले आहे.

तुमची,
हवालदारांची मुलगी


२ एप्रिल

पोरी,

शेऱ्याची तारीख नीट पाहा. माझ्या जखमेची तीच आहे.

त्या पोत्यांत पीठ होतं. एखादं ओढताना फुटलं असणार, कारण फळकुटावर पीठ पसरलेलं होतं आणि मी त्यात तोंड खुपसून पडलो होतो. नाकातोंडात गेलं, केसांत गेलं. दवाखान्यात नर्सने माझं पांढरं डोकं पाहून विचारलं, "आजोबा, कुठे लागलंय?" तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. मिशीसुद्धा धड आली नव्हती.

तुझ्या बापाने पोती बेवारस सोडली ती आम्हाला झोपवायला जागा व्हावी म्हणून. हे मामाला कळवायचं असेल तर पत्ता दे, मी स्वतः लिहितो. तोंड भरून लिहितो.

जबानी नव्याने करून पाठवतोय, पिठासकट. ती पट्टी काढून खरं पान अर्जाला जोड. त्या कारकुनाला खुशाल हसू दे.

आणि महिनाभर बोलली नाहीस म्हणून आता स्वतःला कोसत बसू नकोस. सांगायचं त्यांनीच टाळलं. सांगायला गेले असते तर मागच्यांचं पुढे काय झालं, हे कुणीतरी विचारलं असतं. त्याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं.

शॉर्टहँड


९ जून

काका,

मामा गेला त्याला बरीच वर्षं झाली. पण तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

उशीर झाला कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. कार्यालयाचे खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. एका खिडकीवर सांगतात फाईल वर गेली, वर सांगतात खाली आली. मध्ये जिना आहे, त्यावर ती कुठे बसून राहते देव जाणे. गिऱ्हाइकांचे पडदे लांबले. एकीने तर अर्धवट शिवलेलं कापड परत नेलं.

काल उत्तर मिळालं. मोहिमेचं पदक नाही, शौर्यपदक नाही. शेरा असा: 'अर्जदारास सदर वाहन चालवताना साक्षीदाराने प्रत्यक्ष पाहिल्याचा उल्लेख जबानीत नाही. सबब अमान्य.' खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "एक शब्द बदलून आणा. 'ऐकलं' काढा, 'पाहिलं' घाला. साहेब सही करतील."

बाबांना आता गिळता येत नाही. नाकातून नळी घातली आहे. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण 'घरीच ठेवा' म्हणाले, त्यावरून काय समजायचं ते मी समजले.

ते बाबाच होते हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. एक शब्द, काका. इतकंच.

तुमची,
मुलगी


२० जून

पोरी,

जमणार नाही.

एक खटला सांगतो. साक्षीदाराने भिंतीपलीकडून भांडण ऐकलं होतं. आवाज शेजाऱ्याचा, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. वकिलाने पढवलं, 'पाहिलं' म्हण. त्याने म्हटलं. म्हणताना तो अडखळला होता, पण शॉर्टहँडमध्ये अडखळण्याची खूण नसते, त्यामुळे माझ्या कागदावर सरळ 'पाहिलं' आलं. शेजारी तुरुंगात गेला. खरा माणूस सापडेपर्यंत त्याची बायको दुसऱ्या गावी निघून गेली होती आणि मुलं त्याला ओळखत नव्हती.

त्यानंतर मी ठरवलं की माझ्या नावाने तो शब्द फुकट जायचा नाही. माझ्यापाशी दुसरं काही राहिलेलंही नाही.

तू रागावशील. रागाव.

शॉर्टहँड


१४ ऑगस्ट

काका,

रागावले होते. तुमचं पत्र फाडून टाकलं आणि पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुमच्या हयातभराच्या सचोटीची किंमत माझ्या बापाने का द्यायची, असं मोठ्या आवाजात भिंतींना विचारून झालं. शेवटी हात टेकले आणि उरलेले पडदे शिवायला घेतले.

परवा शेजारच्या वहिनी कव्हरं न्यायला आल्या. अर्जाचं काय झालं म्हणून विचारलं, तशी मी उसळून बोलून गेले. म्हटलं, "त्या ट्रकमध्ये मागे पडलेला माणूस आहे ना, तो लिहून देत नाही." बाबा झोपलेत असं मला वाटत होतं.

वहिनी गेल्यावर कॉटची कड वाजली. ते डाव्या हाताने ती ठोकत होते. जवळ गेले. तोंडातून आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हता. नळी दुखत असेल म्हणून पाहिलं, उशी बदलली, पाणी हवं का विचारलं. मान हलवून नाही, नाही. घामाघूम झाले. तरी ठोकणं चालूच. मी त्यांच्या तोंडाला कान लावला. पुष्कळ वेळाने कळलं. ते म्हणत होते, "मागचे... जगले?"

काका, मी त्यांच्यासाठी पदकं मागत फिरले, बिगुल मागत फिरले, आणि मागच्यांतला एक मला गेले सहा महिने पत्रं लिहितोय हे त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरांचं ऐकत बसले. त्यांनी हे इतकी वर्षं कुणाला विचारलंच नाही. कुणाला विचारणार होते?

मी म्हटलं, "विचारून सांगते." तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की माझ्याकडे बघतात. खरं काय ते तुम्ही मला पहिल्याच पत्रात लिहिलंय. ते मी त्यांना कसं सांगू? आणि न सांगता किती दिवस काढू? अर्ज जाऊ दे खड्ड्यात. एवढंच सांगा, मी त्यांना काय सांगू?

तुमची,
मुलगी


२१ ऑगस्ट

पोरी,

सोबत दोन कागद आहेत.

पहिला जबानीचा. त्यात 'पाहिलं' लिहून सही केली आहे. खिडकीवरच्या बाईंना दे. बिगुल वाजेल की नाही ते आता त्यांच्या साहेबांच्या हातात. इतकी वर्षं मी शब्दाला जपलो, त्याचा उपयोग मला एकट्यालाच झाला. कार्यालयाने मागितला तेव्हा दिला नाही, तू मागितलास तेव्हाही दिला नाही. पण तुझ्या बापाने जे विचारलंय त्याचं उत्तर लिहून झाल्यावर हा शब्द अडवून धरायला मला तोंड राहिलं नाही.

दुसरा कागद त्यांच्यासाठी. दिवसा, ते शांत असताना वाच. सावकाश, मोठ्याने. वाचताना अडखळू नकोस. डॉक्टरांना विचारायला जाऊ नकोस. रडले तर रडू देत. माझं फेब्रुवारीतलं पत्र जपून ठेवलं असशील तर तेही फाड. फाडायची सवय तुला आहेच.

शॉर्टहँड काका


ड्रायव्हरसाहेब,

सलाम. मी तुमच्या ट्रकमध्ये पालथा पडलेला सिग्नलवाला. आपली समोरासमोर गाठ पडली नाही. तुम्ही मागच्यांची चौकशी केलीत असं मुलीने कळवलं. तुमचा पत्ता नव्हता, म्हणून इतका उशीर झाला. माफी असावी.

माझ्या पाठीतले तुकडे काढले. दोन राहिलेत, थंडीत दुखतात, बाकी काही नाही. पुढे कोर्टात नोकरी केली. पेन्शन घेतोय.

माझ्या डावीकडच्याला पोटात लागलं होतं. त्याचं ऑपरेशन झालं. नंतर त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. उतारवयात पोट सुटलं, तर टाके दिसेनासे झाले म्हणून कुरकुरायचा. उजवीकडचा पायाला लागलेला. तो थोडा लंगडतो, पण फिरायला निघालो की मला मागे टाकतो आणि पुढे जाऊन शिव्या देत उभा राहतो. आणि तो सगळ्यांत लहान, जो सारखा आईला हाक मारत होता, ज्याला तुम्ही पुढून ओरडून सांगत होतात, "आलंच रे, आलंच," त्याची नातवंडं आता शाळेत जातात. त्याच्या आईने आम्हा सगळ्यांना पोटभर जेवू घातलं होतं. ड्रायव्हर कुठे आहे, म्हणून तिने तीनतीनदा विचारलं.

तुम्हाला खाली उतरू न देता परत पिटाळलं, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. आम्ही चौघेही जिवंत उतरलो.

तुमच्या गाडीतला एक